पक्षादेश मोडल्यानंतर

प्रिय दादा,

अधिवेशन काल दुपारी संपलं. आमदार निवासातली माझी खोली निम्मी आवरून झाली आहे. चादरी न्यायला आलेल्या बाई दोनदा डोकावून गेल्या, त्यांना मी अजून अर्धा तास मागून घेतलाय. एकोणीस दिवस तुझ्याशी बोलताना मी फक्त "हो", "बघते", "ठेवते" एवढंच म्हणत होते. फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, ही तुझी लहानपणापासूनची खोड. म्हणून आज लिहायला बसले.

अधिवेशन फार फलदायी झालं असं तू पेपरात वाचलं असशील. बावीस विधेयकं मंजूर झाली, हे खरं. त्यातली निम्मी आमच्यापैकी कुणी उघडूनही पाहिली नव्हती, हे पेपर सांगणार नाही. सदस्यांच्या गाड्या कुठे लावायच्या यावर आम्ही दोन तास घसा कोरडा केला. प्रसूतिगृहांच्या विधेयकाला मिळाली चाळीस मिनिटं.

विधेयक कागदावर नीटनेटकं होतं. जिथे वर्षाला शंभराहून कमी बाळंतपणं होतात ती प्रसूतिगृहं बंद करायची आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एक मोठं, सगळ्या सोयींचं रुग्णालय बांधायचं. मोठ्या रुग्णालयाला माझा विरोध कधीच नव्हता. पण एक्केचाळीस प्रसूतिगृहांना कुलूप लागणार पुढच्या महिन्यात, आणि रुग्णालयाचा पाया अजून खणलेला नाही. मधली तीन वर्षं बायका बाळंत व्हायच्या थांबणार आहेत का, असं मी पक्षाच्या बैठकीत विचारलं. सगळे हसले. आरोग्यमंत्रीही हसले आणि त्यांनी पुढचा विषय घेतला.

त्याच दिवशी तुझा फोन आला होता. मी सभागृहाबाहेरच्या जिन्यात उभी होते. तू म्हणालास, "हात वर करायला असा किती वेळ लागतो गं? वर कर, खाली घे आणि घरी ये." मी काहीच बोलले नाही, म्हणून तुला वाटलं मी ऐकलं. दादा, निवडणुकीत माझ्यासाठी दारोदार तूच हिंडलास. "आपल्या नर्सबाईला मत द्या" ही घोषणाही तुझीच. लोकांनी नर्सबाईला मत दिलं. ती आत जाऊन मूग गिळून बसली असती, तर त्या प्रत्येक दारात तूच खोटा पडला असतास.

मतदानाच्या दिवशी मला चार मिनिटं मिळाली. मी आकडे सांगितले, रस्त्यांची अंतरं सांगितली, बसमध्ये बाळंत झालेल्या तिघींबद्दल सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा तू तिला रिक्षात घालून आमच्या त्या तीन खाटांच्या प्रसूतिगृहात आणलंस. बाळाच्या गळ्याला नाळेचे दोन वेढे होते. आणखी तासाभराच्या वाटेवरच्या मोठ्या रुग्णालयात तिला न्यावं लागलं असतं, तर काय झालं असतं ते मला माहीत आहे आणि तुलाही. बाहेरच्या बाकावर तू माझे हात धरून रडला होतास, रक्ताने भरलेलेच होते ते. आज तुझी लेक इंजिनिअर आहे. ही गोष्ट सांगितली असती तर सभागृह नक्की गप्प झालं असतं. पण ती तुझ्या घरातली होती, मी ती टाळ्यांसाठी वापरली नाही.

मग मी दुरुस्ती मांडली: नवं रुग्णालय सुरू होईपर्यंत प्रत्येक प्रसूतिगृहात दोन नर्स आणि एक रुग्णवाहिका राहील. आमचे बरेचसे सदस्य तेव्हा कँटीनमध्ये चहा पीत होते. विरोधी बाकांवर एक म्हातारे आमदार आहेत, सगळं अधिवेशन झोपून काढतात म्हणून त्यांना आम्ही डुलकीकाका म्हणतो. त्यांनी डोळे उघडले, आमच्या रिकाम्या खुर्च्यांवर नजर फिरवली आणि ताडकन उठून म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मतदान आत्ताच घ्या." घंटा वाजली, दारं बंद झाली. जिन्यावरून धावत आलेले आमचे लोक काचेपलीकडून हातवारे करत राहिले. बाजूने अठ्ठावन्न, विरोधात सत्तावन्न. तो एक जादाचा माणूस म्हणजे तुझी बहीण.

मग दुरुस्तीसकट अख्खं विधेयक मताला आलं, तेव्हा सगळे हजर होते, ते मंजूर झालं. पक्षाचा आदेश बाजूने उभं राहण्याचा होता. पण तीन वर्षांनी का होईना, कुलपं लागणारच होती, म्हणून मी विरोधात उभी राहिले. शेजारची बाई माझा पदर ओढत होती. पण बसले नाही.

त्या दिवसापासून कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी येत नाही. आज सकाळी दूरच्या एका प्रसूतिगृहातल्या नर्सचा फोन आला. कुलूप लावायला येणार असलेल्या साहेबांनी ते सध्या राहू दे म्हणून कळवलंय. ती हसत होती आणि मागे एक बाळ बेंबीच्या देठापासून रडत होतं. विधेयक मी हरले. तीन वर्षं मात्र मिळवली.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. पक्षाची नोटीस मिळाली. पक्षादेश का मोडला याचा लेखी खुलासा सात दिवसांत द्यायचा आणि दिलगिरी व्यक्त करायची, नाहीतर आमदारकी रद्द करण्याची शिफारस होईल. खाली जिल्हाध्यक्ष म्हणून सही तुझी आहे. सही करताना तुझा हात थांबला असेल, की नसेल, ते मी विचारणार नाही. दादा, हे पत्र म्हणजेच माझा खुलासा. फाइलला लाव. दिलगिरी शोधू नकोस, ती यात नाही आणि पुढच्या कागदातही नसेल. उद्या पुन्हा तेच मतदान आलं तर मी पुन्हा तशीच उभी राहीन. फक्त एक कर. मला काढायचं ठरलंच, तर त्या कागदावरही सही तूच कर. दुसऱ्या कुणाच्या हातून ते येऊ देऊ नकोस.

तुझीच,
धाकटी