एकट्या आत्म्याला वाहिलेलं दुखणं

पोपायान, ३ नोव्हेंबर

आले एकदाची! ऑपरेशननंतर राहण्यासाठी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी चालवलेलं हे घर म्हणजे माझ्या कॉन्व्हेंट शाळेची धाकटी बहीणच. तशाच पांढऱ्या भिंती, तोच मेणबत्त्यांचा आणि उकळत्या गूळपाण्याचा वास. डोळे भरून आले. उजव्या गुडघ्यात नवा सांधा बसवून पाच दिवस झाले. डॉक्टरांनी बजावलंय: गोळ्या वेळेवर घ्या, दुखणं काबूत ठेवा, रोज पाय वाकवा, नाहीतर जन्मभर काठीसारखा ताठ राहील. मला स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी जायचंय.

शेजारच्या खाटेवर नूबिया. पित्ताशय काढलंय तिचं. मंडईत डुकराचं मटण विकते, आणि आवाजही तिथलाच. नर्स यामिलेतनं शून्य ते दहामध्ये किती दुखतंय असं विचारलं, की बाईसाहेब सांगतात, चौदा!

४ नोव्हेंबर

मी तीन सांगते. खरं म्हणजे आठ. पण शाळेत सिस्टर एदुविखेसनी आम्हाला शिकवलं होतं, वेदना गिळायची आणि शुद्धिस्थानात स्वर्गाची वाट पाहणाऱ्या एखाद्या आत्म्याला नाव घेऊन वाहायची, म्हणजे त्याची सुटका लवकर होते. दात उपटतानासुद्धा आम्ही मुली हूं की चूं करत नसू. किती गोड दिवस होते ते! गोळ्या बेसिनमध्ये सोडून देते. काल आजीला वाहिलं, आज आईला. नाहीतरी हा महिना मृतांचाच.

नूबिया झोपेतही कण्हते. काही माणसांना दुखणंसुद्धा नीट वापरता येत नाही.

६ नोव्हेंबर

नावं संपली. नवरा त्या लायकीचा नव्हता. म्हणून आजचं दुखणं, ज्याच्यासाठी कुणीच प्रार्थना करत नाही अशा एकट्या आत्म्याला वाहिलं. जरा मोठ्यानंच. नूबिया टाके विसरून उठून बसली. म्हणाली, अहो बाई, त्याला नाही काही द्यायचं! ज्याला कुणीच नाही, तो देणाऱ्याचं दार सोडत नाही. मी म्हटलं, मंडईतल्या गोष्टी मंडईत ठेवा. तर म्हणाली, बरं बरं, महाराणी, तुमचा गुडघा, तुमचा पाहुणा.

७ नोव्हेंबर

दुखणं शून्य! यामिलेतनं पाय काटकोनात वाकवला, मला कळलंही नाही. नूबियाकडे पाहून मुद्दाम हसले. कागदावर सगळे तीनच तीन पाहून डॉक्टरांनी माझ्या गोळ्या बंद केल्या.

९ नोव्हेंबर

पट्टी बदलताना गुडघ्याभोवती पाच निळे ठसे दिसले. यामिलेत म्हणाली, पट्टी घट्ट बसली असेल. पट्टीला अंगठा असतो?

१० नोव्हेंबर

दुपारचे दोन. सगळे झोपलेत. कुणीतरी गुडघा दाबतंय. पेरू पिकलाय का पाहावं, तसं. मी कळवळले की थांबतं. मग पुन्हा. दिलेलं संपलं, आता काढून घेतंय.

यामिलेतला दहा सांगितलं. ती खळखळून हसली. म्हणाली, ओटिलियाबाई, तुम्ही आणि दहा? नूबियाबाईंची लागण झाली वाटतं! डॉक्टर सोमवारी येतील, म्हणाली.

१२ नोव्हेंबर

नूबियानं स्वतःची गोळी माझ्या हातात कोंबली. म्हणाली, घ्या, आणि ओरडा हो बाई, ओरडल्यानं लाज जाते, जीव जात नाही. घेतली. त्या जाड, चरबट बोटांचं मी चुंबन घेतलं. मी!

तासभर बरं होतं. मग त्यानं जास्त जोरात —

१३ नोव्हेंबर

नूबिया घरी गेली. चालत. रिकाम्या खाटेकडे पाहवत नाही.

पाय वाकत नाही. यामिलेत म्हणते, तुम्हीच आखडून धरता. मी नाही धरत. मी नाही —

१४ नोव्हेंबर

ओरडले. जनावरासारखी. सिस्टर धावत आल्या, इंजेक्शन दिलं. गुडघा गप्प. देवा, किती शांत —

खाट खचली. कुणीतरी बसलंय. उजवा गुडघा दाबून पाहिला. दुखत नाही. पुन्हा दाबला. नाही.

चिडलंय.

सरकतंय. डाव्या गुडघ्याकडे. तो धड आहे, तो तरी — त्याच्याच जोरावर मी जिना —

वाटीवर अंगठा ठेवलाय. हळूहळू फिरवतं आहे, बरणीचं झाकण उघडावं तसं —