साखळीतील नवे रिव्हेट

नागपंचमी, सायंकाळ

मी, वसंत देशमाने, बी.कॉम., हिशेबतपासनीस आणि जुन्या यांत्रिक करवतींचा संग्राहक, सकाळी माझे मन पालटू नये म्हणून हे लिहीत आहे.

शेजारचे निवृत्त सुभेदार नाईक यांच्या गोठ्यावर चिंचेचे झाड कलंडले आहे. त्यासाठी त्यांनी माझी लष्करी लिलावातली करवत मागितली. ती दोघांनी धरायची असते. एक इंजिनाकडे, दुसरा पात्याच्या टोकाकडे. तिच्या साखळीची तुटलेली कडी मी परवाच नवे रिव्हेट ठोकून जोडली. लाकडावर ती अद्याप चालवलेली नाही.

दुपारी आम्ही करवत उचलली, तोच त्यांच्या मातोश्री आडव्या आल्या.

"पंचमीला आमी भाजी चिरत न्हाई, आन् तू झाड कापतूस व्हय? ह्यो भंगार गोळा करणारा बी तुज्या जोडीला!"

"आये, गोठा बसंल की."

"म्हशी अंगणात बांध. झाड उद्या."

मला हायसे वाटले. कारण ते रिव्हेट. साखळी तुटली, तर टोकाकडच्या माणसावर येईल. आणि टोकाकडे सुभेदार होते. मी तसे सांगितले.

"आवं देशमाने, फौजेत लय चालवलीया. तुमी बिनघोर इंजिन धरा."

ओंडक्यावर चाचणी घ्यावी, तर आज तेही कापणेच. ते रिव्हेट टिकेल का? खात्री नाही. फौजेत चालवली आहे ना, मग इंजिन त्यांनी धरावे. उद्या आधी ओंडका, मग झाड. दोन्ही वेळा टोकाकडे मी उभा राहीन.

वसंत देशमाने
शिराळा, नागपंचमी, १९७४