गोणपाटाचा पडदा

समुद्रपूर,
ता. ११ फेब्रुवारी १९५७

मंदे,

नमस्कार. मी बरी आहे. तिकडे सगळी बरी असतील. तानबादादाच्या शेतात कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. वहिनी मला उन्हात जाऊ देत नाही. बोलायला फटकळ आहे, पण ताटात कमी वाढत नाही. गाय व्याली. तुमचे बाबारावभाऊजी सिंदीहून आले, तेव्हा त्यांनाही खरवस दिला.

त्यांनी तुझा निरोप सांगितला. "मंदाच्या हातानं वड्या जमून नाई राह्यल्या. गिराईक परत जाते. चला तुम्ही, बाई." मी खरवसाची वाटी उचलून आत गेले. म्हणून हे पत्र. चौथीपर्यंतचं शिक्षण आहे, चुका समजून घे.

अंगावर पांढरे डाग उठले आणि नवऱ्याने मला घराबाहेर काढलं, तेव्हा सिंदीत ओसरी देणारी तू एकटी होतीस. दारात बाया जमून म्हणाल्या, "महारोग हाय तिले." तू माझ्या ताटातला घास उचललास आणि त्यांच्यादेखत खाल्लास. मंदे, त्या घासावर मी सगळं आयुष्य काढलं असतं.

कापसाच्या बाजारासमोर दुकान टाकायचं तुझ्याच मनात आलं. सांबारवडी माझी, बोलणं तुझं. कापूस विकून बैलबंडीवाले आले की बाकड्यावर जागा उरायची नाही. आपण दोघी चुलीपाशी बसून हसायचो. तसं हसणं मला नंतर आलं नाही.

तू मला लांब बाह्यांची पोलकी शिवून दिलीस. मग चुलीपुढे गोणपाटाचा पडदा बांधलास. "धूर गिराईकाच्या डोळ्यात जाते," म्हणालीस. मी मानलं. खरं तर मानायचं ठरवलं. धूर कौलातून वर जायचा, हे मला दिसत होतं.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

अडत्या पुंडलिकराव लेकीच्या लग्नाच्या वड्या सांगायला आले. सोबत त्यांची बायको, यशोदाबाई. तिने पडदा बाजूला करून आत पाहिलं. मी बाह्या वर सारून सांबार, म्हणजे कोथिंबिरीची जुडी, चिरत होते.

"हे कोन व्हय?"

तू मागे उभी होतीस. माझ्याकडे बघितलंसही. "थे भांडेवाली हाय जी. अन्नाले हात नाई लावत."

माझ्या हातात सांबार होता, मंदे. तिनेही पाहिला. पण तिला वड्या हव्या होत्या आणि तुला गिराईक. दोघींनी पडदा सोडला.

ती गेल्यावर तू म्हणालीस, "तुले समजतेच ना. दुकान बुडलं असतं." मी मान हलवली. लग्नाच्या वड्याही केल्या, त्या पोरीचा काय दोष? लग्नात यशोदाबाईने सगळ्यांपुढे तुला लुगडं दिलं. "तुह्या हाताले चव हाय, मंदा." तू घेतलंस. मी मांडवाच्या मागे पत्रावळी उचलत होते, कारण भांडेवाली म्हटल्यावर भांडेवालीचं काम आलंच. तू वळून बघशील म्हणून मी थांबले होते. दुसऱ्या दिवशी समुद्रपूरच्या मोटारीत बसले.

इथे मी आता मोटार स्टँडजवळ चूल मांडली आहे. निंबाखाली, उघड्यावर. पोलक्याच्या बाह्या कोपराच्या वरून कापून टाकल्या. सुरुवातीला लोक वासाने यायचे आणि हात बघून जायचे. एकजण घेतलेली वडी टाकून थुंकला. मी घरी येऊन चूल मोडणार होते. वहिनी म्हणाली, "त्यानं थुकलं, तं तू काऊन लाजून राह्यली?"

मग बाजाराच्या दिवशी जिजा नावाची एक म्हातारी उभी राहिली. हाताकडे बोट करून म्हणाली, "बाई, हे दुसऱ्याले लागते का?"

"नाई लागत, माय. कोड हाय. माह्यं हाय."

हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला. इतकी वर्षं तू 'डाग' म्हणायचीस, मी 'पुरळ' म्हणायचे. म्हातारी बसली. "मंग दे दोन. तिखट दे." तिच्यामागून अजून दोघं बसले. फार चालतं असं नाही. पण जो खातो, तो मला बघून खातो.

भाऊजी जाताना हळूच म्हणाले, तू सांगितलंय की दुकानात बसायला नको, घरीच करून दे, कोणाला दिसणार नाही. हे ऐकलं नसतं, तर कदाचित आले असते.

मी येणार नाही. तूही इतक्यात येऊ नकोस. आलीस तर मी बोलेन तुझ्याशी, कदाचित हसेनही, आणि पुन्हा सगळं मानून घेईन. मला आता ते करायचं नाही.

सासूबाईंना नमस्कार. लेकरांना आशीर्वाद. तुला काय लिहावं, ते मला अजून सापडलेलं नाही.

पंचफुला