बंद दर्याचं गाऱ्हाणं

११ जानेवारी
आले एकदाची आचऱ्याला. एसटीतून उतरले तर गुरुदास मास्तर स्वतः फाट्यावर उभे, डोक्यावर छत्री. जानेवारीत छत्री! मी विचारलं, आभाळावर भरवसा नाही काय, तर टाळूवरून हात फिरवत म्हणाले, शेवंती, ऊन थेट आत शिरतं.

काम सोपं आहे. मास्तर नि त्यांची बायको यशोदाकाकी, दोघांचं रांधायचं आणि काकीला सोबत करायची. काकी दिवसदिवस तोंड उघडत नाही, हे मास्तरांनी वाटेतच सांगून टाकलं. मी म्हटलं, तिच्या वाटणीचं मी बोलेन. नवरा गेल्यापासून मी बडबडीवरच जगते.

रात्री सोलकढी केली. मास्तरांनी दोन वाट्या ओरपल्या. ही जुनी डायरीही त्यांनीच दिली. या घरात सगळ्यांनी रोज काहीतरी लिहायचं असतं म्हणे. वहीत आपली शाळेतली भाषा बरी, नाहीतर बाईंची छडी आठवते.

१३ जानेवारी
गच्चीवर दुर्बीण आहे, नळाच्या पाइपापेक्षा जाड. मास्तरांच्या मुलानं, मंगेशनं घेतलेली. तो कुठे असतो विचारलं तर मास्तर दुर्बिणीचं झाकण काढायला लागले.

दिवेलागण झाली की मास्तर आभाळात गुरू ग्रह शोधून देतात. मी डोळा लावला. पांढरे-भुरे आडवे पट्टे, जसं धुऊन विटलेलं लुगडं. एका पट्ट्यात तांबडा डाग. मास्तर म्हणाले ते वादळ आहे, आख्खी पृथ्वी आत मावेल, शे-दोनशे वर्षं घोंघावतंय, थांबायचं नाव नाही. मी म्हटलं, आमची सासू तशीच होती. काकीच्या ओठाचा कोपरा हलला. मी पाहिला.

शेजारी चार ठिपके एका रांगेत. हे त्याचे मोठे चंद्र. बारके आणखी ढीगभर, ते यातून दिसत नाहीत. चौघांचे फोटो मास्तरांनी भिंतीला चिकटवलेत. मी लगेच नावं ठेवली. आयो पिवळी, ज्वालामुखींनी भोकंभोकं पडलेली, ते घावन. कॅलिस्टोच्या तोंडभर देवीचे वण. गॅनिमीड बुधापेक्षाही मोठा, चंद्र असून ग्रहाचा रुबाब, तो सरपंच. युरोपाला बाहेरून बर्फाचं कवच, त्यावर तांबूस चिरा आणि आत खारट दर्या. म्हटलं, हे शहाळं.

शहाळं म्हटल्याबरोबर काकी उठून खाली गेली.

१५ जानेवारी
मास्तरांनी आज सांगितलं. मंगेश मासेमारीच्या बोटीवर होता. बोट परत आली, तो आला नाही. देहही मिळाला नाही. अशा वेळी दर्भाचा बाहुला करून त्याला अग्नी देतात, मग माणूस सुटतो. भटजी आले होते, बाहुलाही तयार होता. काकीनं तो जाळू दिला नाही.

तेव्हा तिला शांत करायला मास्तर बोलून गेले, दर्या काही इथेच एक नाही, गुरूच्या चंद्राच्या पोटातही आहे. तेवढंच तिनं धरलं. आपल्या दर्यात मिळाला नाही म्हणजे त्या बंद दर्यात असणार. कवच मैलोगणती जाड आहे, हे पुढचं तिनं ऐकलंच नाही. मास्तर चष्मा पुसत राहिले. म्हणाले, गुरूला तर जमीनच नाही, पडणारं पडतच राहतं, चिरडेपर्यंत. तिचं तसं चाललंय.

माझ्या नवऱ्याला मी जळताना पाहिलं. तेव्हा देवाला शिव्या घातल्या होत्या. आज वाटतं, माझं नशीब थोर.

१८ जानेवारी
मास्तर बाजारात गेले होते. तिन्हीसांज. काकी दुर्बिणीला डोळा लावून. तिला हसवायचंच असं मनात आलं. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडे मोठ्यानं मागणं, पुरुष घालतात, आणि मागची मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. मी पदर खोचला, गावच्या मानकऱ्यासारखा घसा साफ केला.

"बा पट्टेवाल्या म्हाराजा, ढीगभर चंद्रांच्या धन्या! ह्या माऊलीचो झील तुझ्या बंद दर्यात अडाकलो आसात, तर तेका घराक लावन दी. आणि तेच्या बदली ह्या घरातला तुका काय व्हया ता घी."

"व्हय म्हाराजा."

काकी हसली. पोट धरून हसली. किती बरं वाटलं मला.

जिना उतरताना मी तिची चेष्टा केली, की आवाज अगदी पुरुषासारखा काढलास. ती थांबली.

"मी खंय बोललंय? माका वाटला, तूच."

२० जानेवारी
मास्तर सांगतात, गुरू दहा तासांत गिरकी घेतो, त्यामुळे डाग कधी समोर, कधी मागे. आज मास्तरांनी पाहिलं तेव्हा डाग नव्हता. लगेच मी डोळा लावला. समोरच. काल, परवाही समोरच.

मी म्हटलं, वरच्या पट्टेवाल्या म्हाताऱ्याचा माझ्यावर डोळा आहे. हे लिहितानाही हसू येत नाही.

२१ जानेवारी
मास्तरांना गाऱ्हाण्याचं सांगितलं. जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस, मला वाटलं हसेल. त्यांनी एवढंच विचारलं, देणं नाव घेऊन बोललीस ना? नारळ तर नारळ, कोंबडा तर कोंबडा. गाऱ्हाण्यात देणं मोघम ठेवायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी मोघम ठेवलं, या घरातलं काय हवं ते घे म्हटलं. चेष्टाच तर होती.

२३ जानेवारी
सकाळी विहिरीत घागर सोडली. ठण्ण वाजली.

पाण्यावर बर्फ. आचऱ्यात बर्फ बघायचा तो मासळीच्या पेटीत, इथे आख्खी विहीर. पांढरं कवच, त्यावर आडव्यातिडव्या तांबूस चिरा. भिंतीवरच्या फोटोसारख्या. माडांवर ऊन चढलं तरी थेंब सुटला नाही. मास्तरांनी वरून पहार टाकली, ती आपटून आडवी पडली. ओरखडा नाही.

काकीनं मंगेशचा सदरा कपाटातून काढून उन्हात घातला.

२४ जानेवारी
खालसून ठोकतत.

मास्तर म्हणतत, बर्फ तडकता. तडकणारो बर्फ असो थांबान थांबान वाजत नाय. दोनदा. मगे गप. मगे दोनदा.

काकी कठड्यार वाकान विचारता, भूक लागली काय रे बाबू. तिच्यासाठी वाढलेलो भात विहिरीत ओतल्यान. मी ओरडाक व्हया होता. माझ्या डोळ्यांक पाणी इला.

२५ जानेवारी, सकाळ
मास्तर भटजीक आणूक गेले. बाहुलो आजच जाळूचो, म्हणाले. काकीक एकटी सोडू नको म्हणान माका बजावन गेले.

मी उलटा गाऱ्हाणा घातलंय, धाडलंस ता परत घी म्हणान. नाव घेवन. नारळ दिलंय — बर्फार आपाटलो, तसोच पडान आसा. कोंबडो बोललंय. कोण साथ देना नाय.

मगे म्हटलंय, माका घी. माझ्या पाठी रडणारा कोण नाय.

तेवाय कोण बोलाक नाय.

दुपार
चीर रुंद झाली. भुतूर काळा पाणी. कोणतरी वर इलो —

काकी म्हणता, मंगेश. सदरो घेवन धावली. मी बगतंय तर अंग माणसाचा, पण तोंडाच्या जागेर तांबडा कायतरी गरगर फिरता. काकीक ता दिसना नाय. मी सांगलंय, तो तुझो झील न्हय. दोनदा सांगलंय. तिचो एक पाय कठड्याच्या पलीकडे —

मास्तरानू, तुमी येशात तेवा विहिरीकडे येव नकात. म्हणान लिवतंय. उजव्या हातान लिवतंय, डाव्या हातात तिचो हात. ती माका शिवी देना नाय, हिसको मारना नाय. हळू बोलता —

"शेवंते, तुझो तुका जाळूक तरी गावलो. माका माझो व्हयो."

हेका मी काय सांगू? मास्तरानू, काय सांगू? तिचो हात बर्फासारखो झालो. माका जोर आसा, मी तिका वडून घेवक शकतंय, पण ती अशी बगता की माझी बोटा आपसूक सुटतत —