तनुजा धावते तो शेवट

विश्रांतवाडी, पुणे
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय भूषण,
सप्रेम जय भीम.

तुझी मेल मिळाली. उत्तर कागदावर देते आहे, कारण मेलवर तू दोन ओळी वाचून अंगठा पाठवतोस. आणि मराठीत देते आहे. कॉन्व्हेंटने मला इंग्रजीत तक्रार करायला शिकवलं, भांडायला ते पुरत नाही.

मी बरी आहे. गुडघा होता तिथेच आहे. आमच्या रस्त्यावर पुन्हा खोदकाम चालू झालंय, का ते खणणाऱ्यांनाही माहीत नाही. आईला फोन करत जा. ती मला विचारते, भूषण कुठे असतो. मी सांगते, पेपरात असतो.

आता तुझा सिनेमा. त्या दिवशी थिएटरमधून मी कोणाशी न बोलता निघून गेले, म्हणजे तो मला आवडला नसणार, असं तू लिहितोस. ऐक तर. त्यातला बाप दारू पिऊन येतो आणि संविधानावर इतकं मुद्देसूद बोलतो की प्यायल्यावर इतकी अक्कल येत असती तर सरकारने दारू रेशनवर दिली असती. पंधरा वर्षांची मुलगी आईला म्हणते, "मला माझं अवकाश हवंय." विश्रांतवाडीत? आईने विचारलं असतं, कसलं अवकाश, गच्चीवर जाऊन बस. नदी तू आकाशातून दाखवलीस. आकाशातून तिचा वास येत नाही. समाजसेविका झोपडीत शिरते आणि बाहेर येते तरी साडीची इस्त्री मोडत नाही.

आणि तरीही मी जागची हलले नाही. त्या मुलीचं काम करणारी तनुजा पडद्यावर आली की मला बाकीचं दिसायचंच बंद व्हायचं. ती गॅसपाशी उभ्याने शिळी चपाती खाते आणि आई आत आल्यावर घास न चावता गिळते, तेवढ्यात तुझ्या बापाच्या सगळ्या भाषणापेक्षा जास्त सांगून जाते. त्या पोरीने तुझा सिनेमा उचलून धरलाय.

तू विचारलंस, वितरक म्हणतो शेवट लांबला, कापू का. आणि लिहिलंस की तनुजाला प्रमोशनला आण, ती फोन उचलत नाही, "डोक्यात हवा गेली वाटतं."

हवा!

ही पोर मीच तुला दाखवली होती. समोरच्या बिल्डिंगमधली, आईबाप नसलेली. खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या मालनबाईंनी, तिच्या आजीने, पेन्शनवर वाढवलेली. मालनबाई गेल्या हे मी तुला डिसेंबरात मेसेजवर कळवलं. तू जोडलेले हात पाठवलेस. कशा गेल्या, ते मी सांगितलं नव्हतं. मलाच तेव्हा नीट कळलं नव्हतं.

सकाळी त्या ओट्यापाशी कोसळल्या. शेजारच्यांनी आणि मी त्यांना हॉस्पिटलात नेलं. डोक्यात रक्तस्राव. पण शुद्ध होती. "तनू आली का?" एवढंच विचारत होत्या. मी तनुजाला कर्वेनगरला कॉलेजात फोन लावला.

"तनू, लगेच निघ. आजीला हॉस्पिटलात आणलंय."

ती हसली. "आत्या, तुम्ही पण?"

"मी पण काय?"

"दादांना सांगा, आज नाही जमणार. माझं प्रॅक्टिकल आहे." दादा म्हणजे तू. तिने फोन ठेवला. पुन्हा लावला तर घेतला नाही.

मी रिक्षा करून गेले. हे शहर आडवं पार करायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. शिपायाने तिला गेटवर बोलावून आणलं. केस नीट करत आली, आणि माझ्याकडे न बघता समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघायला लागली. म्हणाली, "कॅमेरा कुठे लावलाय?"

मी तिच्या थोबाडीत मारली. मैत्रिणींसमोर.

गालावर हात ठेवून ती म्हणाली, "हे भारी होतं, आत्या. एकदम खरं वाटलं."

मग माझ्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या त्या तिला दिसल्या. ती धावत रिक्षात बसली. आम्ही पोचलो तेव्हा मालनबाईंच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

पोरगी रडली नाही. बुद्धवंदना झाली, लोक आले, गेले, ती भिंतीला टेकून बसून होती. बायका कुजबुजल्या, सिनेमात काम केलं की अशा होतात. मीही मनात तेच म्हटलं. काळीज नाही हिला.

मग तुझा शेवट बघितला. घर सोडून गेलेली मुलगी आजीची बातमी ऐकते आणि कसबा पेठेतून अनवाणी धावत सुटते. लोक रडत होते. माझ्या शेजारचा गृहस्थ चष्मा पुसत होता. भूषण, मी टेलिफोन खात्यात ट्रंक लाइनवर उमेदीची वर्षं काढली. मरणाच्या बातम्या कानाला लावून जोडून दिल्या. त्या क्षणाचा आवाज मला कोणी शिकवायला नको. तनुजा "आजी" म्हणून ओरडली आणि मला कळलं, हा अभिनय नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले आणि विचारलं. तिने दुकानातल्या सामानाचा हिशेब द्यावा तसं सांगितलं. "दादांचा असिस्टंट धावत आला. म्हणाला, आजीला अटॅक आलाय, गल्लीच्या टोकाला गाडी थांबलीय. मी पळाले. कॅमेरे वर खिडक्यांत होते. टोकाला आजी बसली होती, चहा पीत." सिनेमातल्या आजीसारखंच हिरवं लुगडं मालनबाईंना नेसवून तू बसवलं होतंस. फक्त लाइट बघायचाय असं सांगून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालनबाईही हसल्या. पोरीला आपली किती काळजी, म्हणून.

मग तिने फोनवर तुझा मेसेज दाखवला. नोव्हेंबरातला. "थोडं पॅचवर्कचं शूटिंग राहिलंय. कधीही येईन. सांगून येणार नाही, म्हणजे तुझं नॅचरल येतं."

म्हणून ती डिसेंबरात आली नाही. आणि बातमी घेऊन कोण गेलं होतं? दिग्दर्शकाची आत्या.

खोटं बोलू नये हे आम्हाला सिस्टर छडीने शिकवायच्या. तुम्हा लोकांना त्याच कामाची बक्षिसं मिळतात. मी तनुजाला म्हटलं, "आजच त्याला लिहिते. तो शेवट कापायचा. एक फ्रेमही ठेवायची नाही."

"नको," ती म्हणाली.

"का नको? त्याने तुला जनावरासारखं पळवलं!"

"त्यात मी पोचते, आत्या."

मी उठले. सत्तरीला आलेल्या, तिखट तोंडाच्या बाईने चहाचं आधण ठेवलं.

चहा घेताना तीच म्हणाली, "मी टोकाला पोचते तेव्हा आजी काहीतरी बोलते. माझ्या पाठीवर हात फिरवते आणि बोलते. काय बोलली ते मला आठवत नाही. दादांच्या लिंकवर कितीदा बघितलं. तिथे व्हायोलिनच वाजतं."

तर हे तुझ्या मेलचं उत्तर. शेवट कापू नकोस. त्यावरचं संगीत काढ. सिनेमातून काढवत नसेल तर ठेव, तुला जगात जायचं आहे. पण तेवढा तुकडा, संगीताशिवाय, होता तसा, तिला पाठव. त्या दिवशीचा आवाज तुम्ही लोकांनी जपून ठेवला असेल असं मी धरून चालले आहे. पुसून टाकला असेल तर मला कळव. तिला नको. ते मी सांगेन. ती माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, तो भाग वेगळा.

ती कॉलेजला जात नाही. ताट पुढे ठेवलं तर जेवते. कोणी काहीही सांगितलं, दूध उतू गेलं म्हटलं तरी, आधी खिडकीकडे बघते. यातून ती बाहेर येईल असं सगळे म्हणतात. मला तसं दिसत नाही. तुझं समाधान व्हावं म्हणून मी उगाच काही लिहिणार नाही.

माफी मागायला येऊ नकोस. तू रडलास तर ती तुझं रडणं तपासत बसेल.

आशीर्वाद लिहायला पेन उचलवत नाही. नातं खोडता येत नाही म्हणून,

तुझी आत्या,
हिरा