सविताची नवमी

परभणी,
दि. ११ जुलै २०२५

चि. सौ. दैवशाला हिस दत्तरावाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि कंडक्टरच्या हाती पाठवलेली लोणच्याची बरणी, दोन्ही पोचले. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलणे जमत नाही, तेव्हा पत्रांचा परिपाठ आपण चालू ठेवला हे योग्यच झाले. पूर्वी मजकूर तुझी आक्का सविता लिहीत असे आणि मी केवळ पत्ता घालीत असे. आता दोन्ही कामे माझ्याकडे आली आहेत.

सविताचे वर्षश्राद्ध उरकल्यावर चार दिवस बोरीस येऊन राहण्याचा तुझा आग्रह होता. तूर्त ते जमेलसे दिसत नाही. मूत्रमार्गाची किरकोळ तक्रार उद्भवली असून डॉक्टरांनी रक्त तपासले आणि आणखी काही तपासण्या सुचवल्या आहेत. 'किरकोळ' हा शब्द माझा आहे, त्यांचा नव्हे.

बाकी घर ठीक आहे. दिवेलागणीच्या सुमारास स्वयंपाकघरातून एक विशिष्ट आवाज येतो. नळ गळत नाही, उंदीर नाहीत, खिडकीला कडी असते. सर्व तपासून पाहिले. तो कशाचा आहे हे मी जाणतो, परंतु लिहिणे प्रशस्त वाटत नाही. केवळ निरीक्षण म्हणून कळवले.

परमेश्वररावांना नमस्कार आणि सूनबाई प्रियांकास आशीर्वाद सांगणे. उत्तर सवडीने लिही, पण लिही.

तुझा,
दत्तराव


बोरी,
१९ जुलै

ती. दाजींना दैवशालाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमची मूत्रमार्गाची तक्रार वाचून मी आन् प्रियांका लय हसलो. आवो दाजी, सरळ प्रोस्टेट म्हना की! आमच्या मालकाला दोन सालामागं हेच झालतं. रात्रभर उठबस चालायची. दुर्बीण घालून खरवडून काढलं, आन् चवथ्या रोजी घरी येऊन चहात साखर कमी म्हून भांडायलेते. तुमचंबी तसंच हुईल. मेव्हणीपुढं काय लाजायलाव? लग्नात मी तुमचे बूट लपवले, तर मागायला तोंड उघडलं न्हाई तुमी. कुना म्हाताऱ्याच्या चपला घालून जानवसघरी गेले. आक्का जलमभर त्यावरून हसायची.

हिकडं पावसानं उघडीप दिली. मुगाला फुल लागलंय. तांबडी शेळी येली, दोन्ही पिल्लं माद्याच झाली म्हून मालक खूश हायेत.

आवाजाचं लिवलं ते मातर मी प्रियांकाला वाचून दाखवलं न्हाई. पत्राची घडी केली आन् उशाखाली ठिवली. घर रिकामं असलं की असं हुतंय दाजी. तुमी हिकडं या. दवाखान्याचं काय ते उरकून घ्या आन् लगी या.

लहान तोंडी मोठा घास झाला आसंल तर पोटात घाला. माया असू द्या.

दैवशाला


परभणी,
दि. २ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दैवशाला हिस आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील एक चूक दुरुस्त करणे मला भाग आहे. परमेश्वररावांची ग्रंथी नुसती वाढली होती. माझ्या ग्रंथीत कर्करोग आहे.

हे वाक्य मी तीन कागदांवर लिहून पाहिले. याहून सौम्य होत नाही.

विद्यापीठात मी आयुष्यभर मातीचे नमुने घेतले. शेतातून नागमोडी चालत जागोजागची माती घ्यावी लागते, कारण एकच जागा सबंध शेताविषयी खोटे बोलू शकते. डॉक्टरांनी त्याच न्यायाने ग्रंथीत ठिकठिकाणी सुई घालून तुकडे घेतले. त्यांतील काहींत रोग निघाला. तो अगदी सौम्य नाही आणि अगदी उग्रही नाही. स्कॅनवरून तो ग्रंथीबाहेर, हाडांत वगैरे गेलेला दिसत नाही. म्हणजे बरा होण्याजोगा आहे, असे डॉक्टर म्हणाले आणि थोडे थांबून माझ्याकडे पाहू लागले. मी आनंद व्यक्त करावा अशी त्यांची अपेक्षा असावी.

मार्ग तीन आहेत. पहिला शस्त्रक्रियेचा. त्यात सबंध ग्रंथी काढतात. मागाहून काही काळ, क्वचित कायम, लघवीवर ताबा राहत नाही. इतरही एक परिणाम संभवतो, तो तुला लिहिण्याजोगा नाही. माझ्या हृदयात आधीच स्टेंट असल्याने भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. दुसरा मार्ग शेकाचा, म्हणजे किरणांच्या उपचाराचा, जोडीला संप्रेरक दाबणारी इंजेक्शने. माझ्या प्रकृतीस डॉक्टर हाच सुचवतात. तिसरा म्हणजे उपचार न करता ठरावीक काळाने तपासत राहणे. तो सौम्य रोगासाठी आहे, तुमच्यासाठी नव्हे, असे ते स्पष्ट म्हणाले. काही आठवडे विचार करण्यास हरकत नाही, असेही म्हणाले.

शेकाच्या चौकशीसाठी संभाजीनगरला त्याच रुग्णालयात जावे लागले. आजारपणात सविताला न्यायचो तोच बोळ, तोच बाक. तिची चाकाची खुर्ची ढकलणारा सिताराम समोरून आला. त्याने मला ओळखले आणि बाई कशा आहेत, म्हणून विचारले. मी म्हणालो, बऱ्या आहेत.

असे का म्हणालो ते मला सांगता येत नाही. त्याचा चेहरा इतका उजळला की दुरुस्ती करण्याची वेळ निघून गेली. पूर्वी स्वयंपाकघरातला तो आवाज अधूनमधून येत असे. त्या दिवसापासून रोज येतो. जणू ती बरी असल्याचे कोणीतरी तिलाच कळवले.

सर्व बाजूंनी विचार करता मी तिसऱ्या मार्गाकडे झुकलो आहे. त्या बाकावर पुन्हा बसणे मला शक्य दिसत नाही. तू वाईट वाटून घेऊ नये.

तुझा,
दत्तराव


बोरी,
१० ऑगस्ट

ती. दाजींना दैवशालाचा नमस्कार.

आज मस्करी सुचंना. तुमचं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं तरी कळलं न्हाई. मालकानं इचारलं काय झालं, तर मी म्हनलं डोळ्यात धूर गेला. गॅसचा धूर कसा गेला, असं म्हनून त्यांनी पत्र वढून घेतलं. वाचलं, आन् शेळ्याकडं निघून गेले.

दाजी, तुमी शिकलेले हाव, मी सातवी. पर तुमचा तिसरा रस्ता मला कळतो. डॉक्टरनं नगं म्हनलेला रस्ता तुमी धरायलाव. त्यो तपासण्याचा न्हाई, आक्काच्या मागं जायचा रस्ता हाय. तिच्या नावानं तुमी मरायलाव, आन् वरून आमाला वाईट वाटून घेऊ नका म्हनायलाव!

दुसऱ्या कुनी आपलं करावं ह्याची लाज वाटती का? आक्काच्या आजारात तुमी तिचं सगळं केलं. तिची घाण काढली, येणी घातली, ती वाकडी झाली तरी घातली. तिची इज्जत गेली का त्यानं? मग तुमचं कुनी केलं तर तुमचीच कशी जाती?

आता नीट आईका. आक्का नुसती गेली न्हाई, अहेव गेली. कपाळाला कुंकू, हातात चुडा घिऊन गेली. अशा बाईची पित्रपाठात नवमी असती. तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, लुगडं नेसवायचं. पर ती नवमी नवरा जित्ता हाय तवरच. नवरा गेला की बंद. मंग तिनं सर्वपित्रीच्या गर्दीत हुभं ऱ्हायाचं. तुमाला लेकरू न्हाई, तिथंबी तिला हाका कोन मारनार? तुमी हाव तवर माझी बहीन सवाष्ण हाय. तुमी गेलाव की ती दुसऱ्यांदा जाईल, आन् मग कायमची.

यंदाची पैली नवमी. सवाष्ण म्हून मला बोलवा. न्हाई बोलवलं तर मी येऊन तुमच्या दारात उपाशी बसन, गल्ली बघंल.

रागात लिवलंय. पर राग मायेचा हाय.

दैवशाला


परभणी,
दि. २७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दैवशाला हिस आशीर्वाद.

या गोष्टी मी मानत नाही, हे तू जाणतेस. तरीही तुझे विधान पडताळून पाहणे आवश्यक वाटले, म्हणून तात्याराव गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले की आपल्याकडची रीत तशीच आहे. पती हयात असेतो अविधवा नवमी, नंतर नाही. हे सांगताना ते पान लावीत होते. त्यांच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हते.

मी घरी परतलो तो दिवेलागण झाली होती. आवाज झाला. एरवी मी ओसरीवर बसून राहतो. त्या दिवशी उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. आत कोणी नव्हते. इतके दिवस मला वाटे, ती बोलावते आहे. त्या दाराशी प्रथमच असे वाटले की ती जेवण शिजवून कोणाची तरी वाट पाहते आहे, आणि मी गेलो तर तिला वाट पाहण्यासही कोणी उरणार नाही. हे विधान शास्त्रीय नाही. तू ते कोणास दाखवू नये.

काल साडीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने रंग विचारला. सविताला कोणता रंग आवडे ते मला आठवेना. इतकी वर्षे ती माझ्यासमोर वावरली आणि मला आठवेना. शेवटी हिरवा सांगितला, कारण जाताना तिच्या अंगावर हिरवा होता.

सोमवार, दि. १५ सप्टेंबर रोजी नवमी आहे. सविताप्रीत्यर्थ तू जेवावयास यावेस, ही विनंती. स्वयंपाक मी स्वतः करीन. उपचाराविषयी माझे मत अद्याप बनलेले नाही. तो बाक डोळ्यांपुढून हलत नाही.

तुझा,
दत्तराव


बोरी,
१७ सप्टेंबर

ती. दाजींना दैवशालाचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. वाटंत पानीच पानी, सोयाबीन उभं कुजायलंय.

दाजी, खीर करपली हुती. तरी मी दोन वाट्या खाल्ल्या, कारण तुमी सोताच्या हातानं वाढायलेते. प्रियांका म्हनती, मामंजींनी आजवर सासूबाईंना असं कधी वाढलं न्हाई. मालक आईकून उठून गेले!

लुगडं नेसले. बोलू का नगं ते कळंना, आता सांगते. आक्काला हिरवा रंग कधीच आवडला न्हाई. तिला जांभळा लागायचा. पर तुमी घडी उलगडून दोन्ही हातांवर धरलं तवा मला कायबी बोलवलं न्हाई.

आता दुसरं. हे लिवायला हात धजत न्हाई. मी माजघरात जेवायलेते तवा तुमी वाढून गुरुजींसंगं ओसरीवर गेलते. प्रियांका मागं पानी भरायलेती. स्वयंपाकघरात कुनी नव्हतं. तुमाला म्हाईत हाय, माझ्या कानाला कुकरची शिट्टी येत न्हाई, ढोल येत न्हाई. दाजी, मला पळी आईकू आली. भाजी हालवून झाली की आक्का पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटायची, तशी. दोनदाच.

माझा घास हातातच ऱ्हायला. भेव वाटलं न्हाई. वाटलं, ती म्हनायलीय, झालंय, वाढून घ्या.

तुमी आवाज कोनता ते कधी लिवलं न्हाई. त्योच का? खरं सांगा.

शेक घ्या दाजी. बाकावर एकलं बसवत नसंल तर मी येते संगं. मला कुनी काय इचारलं तर आईकूच येनार न्हाई, ह्यो फायदाच हाय.

उत्तराकडं डोळे लागलेत. आमाला सोडू नका.

दैवशाला


छत्रपती संभाजीनगर,
दि. २७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. दैवशाला हिस दत्तरावाचे अनेक आशीर्वाद.

तोच.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला दोन महिने लागले. सप्टेंबरअखेर पहिले इंजेक्शन घेतले, हे तुला चिठ्ठीने कळवलेच होते. त्याने अंगातून एकाएकी वाफा निघतात आणि उठून खिडकी उघडावी लागते. सविताही पन्नाशीत अशीच पहाटे खिडकीशी उभी राहत असे. इथे येईपर्यंत त्याच गजांना धरून मी उभा राहत होतो. गज थंड असतात.

या आठवड्यात शेक सुरू झाला. चार आठवडे चालेल. पाणी पिऊन, लघवी दाबून यंत्राखाली निजावे लागते. हे तुला लिहिताना संकोच वाटला नाही, याची नोंद घ्यावी. यंत्र अंगाभोवती फिरते, लागत काही नाही.

सिताराम पहिल्याच दिवशी भेटला. त्याने पुन्हा विचारले, बाई कशा आहेत. मी म्हणालो की त्या गेल्या, मागच्या वेळी मी तुम्हाला खरे सांगितले नाही. आता त्यांची नवमी मी करतो. बाकावर मी सवयीने कडेला बसलो होतो. उरलेली जागा मोकळी होती, तरी सिताराम तिथे बसला नाही; माझे नाव पुकारले जाईपर्यंत शेजारी उभा राहिला.

तू सोबत येण्याचे म्हणालीस. येऊ नये. तुझे काम परभणीस आहे. घराची किल्ली परमेश्वररावांकडे दिली आहे. इथल्या खोलीत तो आवाज येत नाही. पहिल्या संध्याकाळी मी कान देऊन बसलो होतो; नंतर ध्यानात आले की तो येणारच नाही, त्याचे ठिकाण ते घर आहे. मला तिथे परत जायचे आहे. वर्षभरात कुठे परत जावे असे प्रथमच वाटले.

तेव्हा जमेल त्या दिवशी बोरीहून येऊन दिवेलागणीस स्वयंपाकघरातला दिवा लावावा आणि थोडा वेळ बसावे. तुला ऐकू आले, तर मी उपचार घेतो आहे आणि येतो आहे, एवढे तिला सांगावे. आणि पुढच्या नवमीला जांभळे लुगडे आणीन, हेही सांगावे.

दोघी बहिणींची माया या म्हाताऱ्यावर राहू द्यावी.

तुझा,
दत्तराव