बॅटरी का उतरते?

प्रिय अनुया,

फोन सोडून हे पत्र कुठून उगवलं म्हणून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. पण तुझा फोन आला रे आला की बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि नातीचं नुसतं हुं-हुं ऐकायला खुर्ची ओढून बसतात. मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगता येण्यासारखं नाही. तुम्ही दोघी गुवाहाटीहून याल तेव्हा लोहगावला विमानतळावर मीच गाडी घेऊन येणार, टॅक्सीबिक्सी काही नाही, असं त्यांनी तुला ठणकावून सांगितलंय. नात पहिल्यांदा घरी येईल ती आजोबांच्या गाडीतून, हे तिच्या जन्माआधीपासून ठरलेलं. आणि नेमकी ती गाडीच रुसून बसली की गं!

सकाळी किल्ली फिरवावी तर नुसतं कट्-कट्-कट्, इंजिन ढिम्म. उन्हाळ्यात एक बॅटरी वय झालं म्हणून बदलली, दिवाळीनंतर दुसरी, तीही उतरायला लागली. आपले बबनराव आठवतात ना, कुरुळीचे, गाड्यांचं वायरिंग करतात ते? त्यांचा मुलगा माझ्या हाताखाली शिकला, म्हणून अजून मला बाई म्हणतात. ते येऊन, दुसऱ्या गाडीला केबल लावून आपली गाडी चालू करून द्यायचे आणि डोकं खाजवत बसायचे. बाई, म्हणाले, तुमचा अल्टरनेटर वाघ हाय, बॅटरी बी कोरी हाय, मंग ही उतरती कशी त्ये काय मला उमगंना. मला तो माणूस तेवढ्यासाठी आवडतो. कळलं नाही तर नाही म्हणतो, उगाच पार्ट बदलत बसत नाही.

खरी गंमत बाबांची. तीस वर्षं चाकणच्या कंपनीत क्वालिटीत काढलेला हा माणूस. दूध उतू गेलं तरी का, मग त्याचं का, मग त्याचंही का, असे पाच का विचारल्याशिवाय शेगडी पुसू देत नसत. तुला भूगोलात मार्क कमी पडले तेव्हा फळ्यावर बाण काढून तुझं व्हाय-व्हाय केलं होतं, आणि तू चिडून शाईचा बाण त्यांच्या शर्टावर काढला होतास! तोच माणूस गाडीच्या बाबतीत म्हणतो, बॅटरीच बोगस, बदलून टाकू, विषय संपला. अगं, हरिहर कुलकर्णी आणि विषय संपला? माझे कान टवकारले. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मग मी शाळेतून निवृत्त होताना भेट मिळालेलं मल्टिमीटर काढलं. बाबा फिरायला गेले की पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभी. शेजारची सलोनी म्हणाली, काकू, काय चाललंय? म्हटलं, प्रॅक्टिकल. काय मजा येते गं अजून! गाडी बंद असताना बॅटरीवर बारा व्होल्टच्या आसपास, म्हणजे अर्धपोटी. इंजिन चालू केलं की चौदाच्या वर, म्हणजे अल्टरनेटर तिला नीट भरवतोय. दिवे, पंखा, एसी सगळं लावून पाहिलं, तरी काटा हलला नाही. बबनराव म्हणाले तसा वाघच. टर्मिनलवर पांढरट बुरशीसारखं साचलं होतं, ते खायचा सोडा आणि गरम पाणी घालून घासलं. अल्टरनेटरचा पट्टा दाबून पाहिला, ताठ होता. मग वाटलं, गाडी झोपलेली असताना कोणीतरी चोरून वीज पितंय. एखादा दिवा, म्युझिक सिस्टिम, काहीही. निगेटिव्ह वायर सोडून मधे मीटर जोडलं आणि गाडी शांत होईपर्यंत पाटावर बसून राहिले. चोरी नाही. चिमूटभर वीज जाते तेवढीच, प्रत्येक गाडीत जाते तेवढी.

आता सांग. बॅटरी चांगली, भरणारा चांगला, गळती नाही. उरलं काय? उरला वापर. स्टार्टर मारला की बॅटरीतून एकदम मोठा घास जातो. तो भरून यायला गाडी सलग धावावी लागते. कोणी दहा वेळा चालू-बंद करत नुसतं गल्लीत फिरवलं, तर खर्चच खर्च, भरती नाही. पण बाबा तर आठवड्यातून तीनदा निघोज्याला जात होते ना, कंपनीतल्या जुन्या साहेबरावांच्या वर्कशॉपमध्ये फुकट सल्ला द्यायला! जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. एवढ्यात तर बॅटरी काठोकाठ भरायला हवी. तेव्हा माझं लक्ष डॅशबोर्डवर गेलं. टाकी भरली की बाबा ट्रिपमीटर शून्यावर आणतात, ॲव्हरेज काढायला. टाकी महिन्याच्या सुरुवातीला भरलेली. महिना संपत आला होता आणि आकडा होता एकतीस.

नको नको ते मनात आलं, तुला काय सांगू. पुढच्या वेळी ते निघोज्याला जातो म्हणून निघाले, आणि मी पाठोपाठ रिक्षा करावी म्हणून बाहेर आले, तर रिक्षाची गरजच पडली नाही. संत तुकाराम नगरच्या मैदानामागच्या रिकाम्या रस्त्यावर आपली लाल गाडी. चालू व्हायची, चार झाडं जायची, थांबायची. इंजिन बंद. बाबा मान पूर्ण डावीकडे वळवून पाहायचे, मग पूर्ण उजवीकडे. पुन्हा किल्ली. पुन्हा चार झाडं. शाळेत नवीन पोरगं पाढे घोकतं तसे घोकत होते.

मी जाऊन दार उघडलं आणि शेजारी बसले. ते दचकलेच, कारण मी डावीकडून आलेली त्यांना दिसलेच नव्हते. किल्ली काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, चारू, कडेचं दिसत नाही गं. समोरचं लख्ख दिसतं, कडेचं नाही. पावसाळ्यात मोशीच्या पुढे एक बाइकवाला डावीकडून आला तो त्यांना कळलाच नाही. माणूस पडला, खरचटलं तेवढंच, उठून शिव्या देऊन गेला. त्या दिवसापासून ते चाकणच्या रस्त्याला, म्हणजे निघोज्याकडे, गेलेच नाहीत, आणि मला बोललेही नाहीत. मग हे काय चाललंय, म्हटलं. तर म्हणाले, लोहगावपर्यंत एकदाच जायचंय. मान वळवायची सवय केली की जमेल. पोरीला शब्द दिलाय.

मला इतका राग आला, अनुया! तीस वर्षं दुसऱ्यांचे दोष शोधणाऱ्या माणसाने स्वतःचा दोष महिनोन्‌महिने झाकावा? आणि मग त्याच रागात रडू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. जे गेलं ते परत यायचं नाही, थेंब घालून उरलेलं सांभाळायचं. गाडी मात्र बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबा आज्ञाधारक मुलासारखे हो म्हणाले आणि जिना उतरताना मला म्हणाले, तेवढी ती एक खेप होऊ दे.

आता या पत्राचं खरं कारण. माझं लायसन्स तुझ्या लहानपणीचं, कपाटात धूळ खात पडलेलं, ते नव्याने करून घेतलं. आम्रपालीच्या ड्रायव्हिंग क्लासला जाऊन मी हात पुन्हा बसवलाय, रोज दिघीपर्यंत जाऊन येते. बाबा शेजारी बसून गिअरवरून बोलणी खायला लावतात, पण गाडी मस्त पळते आणि बॅटरी टुणटुणीत आहे. तुम्ही याल त्या दिवशी जाताना मी चालवायची हे त्यांनी कबूल केलंय. येताना मात्र स्टिअरिंग माझं, म्हणतात, नात आजोबांच्याच गाडीतून येणार. मी घरी दहादा नाही म्हटलं, आणि विमानतळावर तुझ्यासमोर अकराव्यांदाही म्हणेन. पण तुझ्यासमोर त्यांचा चेहरा कसा होईल ते मला बघवणार नाही. म्हणून तू एवढं कर. बाहेर आलीस की सामान असू दे, नमस्कार असू दे, आधी बाळ त्यांच्या हातात दे. तिची मान अजून पुरती सावरत नाही म्हणतेस ना, म्हणजे दोन्ही हात लागतील. किल्लीसाठी पुढे करायला त्यांना हात उरायचा नाही. मग तू मागचं दार उघड आणि त्यांना तुझ्या शेजारी बसवून घे. पुढे कोण बसलंय, का बसलंय, काही विचारू नकोस. वाटेत बाळ त्यांच्याकडे पाहत राहील, अगदी समोरून, आणि तेवढं त्यांना लख्ख दिसतं.

वाट पाहणारी,
तुझीच आई